किल्लारीच्या नोंदी कोणाच्या?

किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत मात्र तारीख 29 सप्टेंबर दिसते. ही चूक नव्हे. यादी ग्रिनिचच्या वेळेनुसार असते; तिथल्या 22 तास 26 मिनिटांत साडेपाच तास मिळवले की आपली पहाट येते. वर्गात हे उदाहरण जरूर सोडवून घ्या. उदगीरच्या शाळेतली मुलगीसुद्धा ती यादी फुकट पाहू शकते.

मूळ भूकंपालेखांचे काय? हैदराबादचे एक केंद्र 1989 पासून फ्रान्सच्या 'जिओस्कोप' जाळ्यात आहे. त्याच्या नोंदी पॅरिसहून कोणालाही मिळतात. प्राथमिक लहर आल्यावर किती सेकंदांनी दुय्यम लहर आली ते मोजायचे, त्याला 8 ने गुणायचे, की भूकंपाचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. किल्लारी हैदराबादपासून सुमारे 220 किलोमीटर, म्हणजे 27-28 सेकंद. आपले राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रही यादी प्रसिद्ध करते. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोलीकडे झालेले 4.5 तीव्रतेचे धक्के तिच्यात सापडतील. पण मूळ आलेख हवा तर अर्ज करावा लागतो. आपल्याच जमिनीचे कंपन पाहायला पॅरिसचे दार सोपे वाटावे, हे खटकते.

किल्लारीला ऑगस्ट 1992 पासून लहान धक्के जाणवत होते. त्यांच्या जागा नेमक्या ठरवण्याइतकी यंत्रे तेव्हा जवळपास नव्हती. तो दोष लपवाछपवीचा नव्हे. पण भूकंपानंतर अनेक पथके आली, तात्पुरती यंत्रे बसली, बेसाल्टच्या थरांतून खाली विंधनविवरही घेतले गेले. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा असे काही संशोधकांनी मांडले, इतरांनी ते नाकारले. असा वाद कोणाचे नाव मोठे यावरून मिटत नाही. दुसऱ्याने तेच आकडे घेऊन गणित पुन्हा करून पाहिले पाहिजे. आणि निबंधात बहुधा नकाशावरचे ठिपके तेवढे छापलेले असतात. शेवटी एक ओळ: 'विनंती केल्यास माहिती मिळेल.' मी एका संशोधकाला अशी तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

आमच्या क्षेत्रातली भीती खोटी नाही. तीन वर्षे शेतात यंत्रे राखायची आणि निबंध दुसऱ्यानेच आधी छापायचा, हे तरुण संशोधकाला परवडत नाही. मग वर्ष-दोन वर्षे आकडे स्वतःकडे ठेवा, नंतर खुले करा, आणि वापरणाऱ्याने तुमचा नामनिर्देश करावा. दहा-पंधरा वर्षे कपाटात ठेवण्याला मात्र हे कारण पुरत नाही.

धोरणे आहेत. सरकारी आकडेवारी खुली करण्याचे 2012 मध्ये आले. केंद्राच्या दोन विज्ञान विभागांनी आपल्या पैशातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवायला डिसेंबर 2014 मध्ये सांगितले. नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये मंजूर झाले. तिच्यामुळे सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके वाचता येतात, ही चांगलीच गोष्ट. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक तिच्यात बसत नाही, आणि निबंधामागचे तक्तेही तिने उघडत नाहीत.

ते उघडायला फार पैसा लागत नाही. पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत परीक्षकाने एक प्रश्न वाढवावा: तुमचे मूळ आकडे कुठे ठेवले आहेत?