निपाणीच्या नाकानं

डबा उघडला आणि पहिला वास आला तो कमावलेल्या कातड्याचा. कोल्हापूरच्या माणसाला हा वास ओळखायला वेळ लागत नाही. बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरलेलं कातडं सुभाषनगरात उन्हाला टाकलेलं असलं की गल्लीच्या तोंडाशीच तो आपल्याला गाठतो. थोडा कडवट, थोडा गोडसर, पोटात ऊन साठवून ठेवलेला. त्याच्या मागून धूर आला. गुऱ्हाळ चालू असताना चुलवाणात चिपाडं ढोसतात आणि तो धूर दोन दिवस सदऱ्यातून जात नाही, तसला. मग नाक पार डब्यात खुपसल्यावर, तळाशी, जुन्या चिंचेचा आंबूसपणा.

डबा बाल्कन मिश्रणाचा. परदेशातून आलेल्या भाच्यानं आणला. "मामा, तुम्हाला वासाचं वेड आहे, तुम्हीच सांगा यात काय आहे," म्हणाला. पाइप माझ्याकडं जुना आहे, ब्रायरच्या लाकडाचा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भरतो, त्याहून जास्त नाही. पण त्या दिवशी तो लगेच भरला नाही. आधी डबा दोन दिवस नुसता उघडायचा आणि झाकायचा, असं केलं. ही सवय माझी नव्हे, माझ्या मामांची.

मामा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. कोल्हापूरहून निपाणी चाळीसेक किलोमीटर. १९५६ पर्यंत दोन्ही गावं मुंबई राज्यात होती, पुढं मधून हद्द गेली. बाजार, सोयरीक आणि बोली मात्र एकच राहिली. सुट्टीत मी वखारीत जायचो. मामा तंबाखूचं पान हातात घेत, तळव्यावर ठेवून मूठ मिटत आणि पुन्हा उघडत. मिटलेलं पान हळूहळू उलगडलं तर त्यात जीव आहे. करकर मोडलं तर जास्त वाळलं. गोळा होऊन बसलं तर ओल राहिली, चाकीत सडेल. मग त्यावर तोंडाची वाफ सोडून वास घेत. मी नुसता पानाचा रंग बघत उभा राहिलो की म्हणत, "डोळ्यानं काय बघतोयस? डोळा फसवतोय. नाक लाव."

तर त्या नाकानं हा डबा वाचायचा होता.

बाल्कन मिश्रण हा शब्द पाइप ओढणाऱ्यांत रूढ झाला तो लंडनच्या सोब्रानी या पेढीच्या 'बाल्कन सोब्रानी'मुळं. ही पेढी १८७९ची. स्लाव्ह भाषांत सोब्रानी म्हणजे सभा, जमलेली मंडळी. नाव चपखल आहे, कारण या मिश्रणात तीन गावची पानं एका बैठकीला बसतात. पहिलं लटाकिया. सीरियाच्या लटाकिया बंदरावरून पडलेलं हे नाव. पुढं हे पान सायप्रसमध्येही तयार होऊ लागलं. हे पान आधी उन्हात वाळवतात आणि मग बंद कोठारात टांगून खाली सुगंधी झाडपाल्याचा आणि लाकडाचा धुमसता विस्तव आठवडेच्या आठवडे ठेवतात. पान काळं पडतं, धूर पिऊन बसतं. दुसरं ओरिएंटल, म्हणजे मासेडोनिया, थ्रेस आणि तुर्कस्तानचं बारीक, सुवासिक पान. तिसरं व्हर्जिनिया, गरम हवेच्या भट्टीत पिवळं झालेलं, साखर धरून ठेवलेलं. बाल्कन म्हणवणाऱ्या मिश्रणात व्हर्जिनिया मागं आणि पहिली दोन पुढं.

कोल्हापूरच्या घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कांदा-लसूण मसाला करताना ब्याडगी रंगाला घेतात, संकेश्वरी चवीला आणि लवंगी जाळाला. तिन्ही मिरच्याच. पण एकीचं काम दुसरी करत नाही आणि प्रमाण चुकलं तर वर्षभर घरातल्या प्रत्येक रश्शाला ते भोवतं.

चिमूटभर तंबाखू पांढऱ्या कागदावर पसरला. काळ्या पट्ट्या लटाकियाच्या, पिवळट-तांबूस व्हर्जिनियाच्या, आणि मधे हिरवट तपकिरी छटेच्या बारीक काड्यांसारख्या ओरिएंटलच्या. या तिसऱ्याच मला थांबवून गेल्या. एकेक वेचून बाजूला काढल्या आणि वास घेतला. सुकं गवत, किंचित आंबट, आणि त्यामागं देव्हाऱ्यात कालच्या उदबत्तीचा राहिलेला असतो तसा वास.

हे पान बारीक का, आपलं एवढं थोरलं का, याचं उत्तर शेतात आहे. ओरिएंटलची रोपं खडकाळ, हलक्या रानात अगदी दाटीनं लावतात आणि शेंडा बहुधा खुडत नाहीत. झाड उपाशी राहतं, पान तळहाताएवढंच वाढतं आणि त्याचा सगळा कस वासात उतरतो. निपाणीची रीत नेमकी उलटी. काळं रान, पावसाळ्यात लावण, रोपं दोन-तीन फुटांवर ऐसपैस. पुढं शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचे, झाडावर मोजकी पानं ठेवायची. झाडाची सगळी ताकद त्या पानांत गेली पाहिजे. पाऊस संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पीक पोसतं. पान पिकलं की त्यावर तपकिरी ठिपके उठतात. ते भरपूर आले की जाणकार समाधानानं मान हलवतात. मग झाडं कापून तिथंच रानात उन्हात वाळत टाकायची. दिवसा ऊन, रात्री दव. ना भट्टी, ना धूर. एकाच वनस्पतीला एका मुलखानं उपाशी ठेवून बोलतं केलं, दुसऱ्यानं भरवून.

वखारीत पानाची रास लावतात तिला चाकी म्हणतात. चाकी दाबून बसली की आतून तापायला लागते, आणि हे तापणं म्हणजे ऊब येणं. तंबाखूचा कच्चा, हिरवा, नाकाला झोंबणारा वास या उबेत मरतो आणि खरा वास जन्माला येतो. मामा चाकीत कोपरापर्यंत हात घालून ऊब बघत. कमी असली तर थांबायचं, जास्त झाली तर चाकी मोडून उलटायची. गुळव्या काहिलीतल्या पाकाकडं बघत असतो तशी त्यांची मुद्रा तेव्हा व्हायची. कुणी बोललेलं चालायचं नाही.

तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर तासाभरानं, पाइप भरला. तंबाखू तळाशी सैल सोडायचा, मधे जरा दाबायचा, वर त्याहून घट्ट. पहिली काडी नुसता वरचा थर भाजायला. तो फुलून वर येतो, त्याला दाबून बसवायचं आणि दुसरी काडी लावायची. पुढं घाई करायची नाही. धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात फिरवायचा आणि थोडासा नाकावाटे सोडायचा. खरी परीक्षा या नाकावाटे सोडलेल्या धुरात होते.

पहिल्या काही झुरक्यांत लटाकियाच बोलला. डब्यातल्या वासावरून वाटलं होतं की हा आडदांड असणार. तसं झालं नाही. चुलीवर आटलेल्या दुधाला लागलेला धूर असतो, ज्याच्यामुळं बासुंदीला खोली येते, त्या जातीचा हा धूर मऊ आणि थंड निघाला. जिभेला चावला नाही. लटाकिया काळाकुट्ट दिसतो म्हणून तो कडक असेल असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा जोर बेताचाच. डोळा फसवतो, हे मामांचं म्हणणं इथं पुन्हा पटलं.

पाइप एक तृतीयांश उतरला आणि ओरिएंटल पुढं आलं. माझ्या मते या मिश्रणाचा सगळा जीव इथंच आहे. धूर तोच, पण त्याच्या आत एक आंबट-गोड धार लागली, वाळल्या अंजिराची. नाकावाटे सोडल्यावर ऊद जळल्याचा भास. आणि मधूनच, दोन झुरक्यांत एकदा, ओल्या मातीचा वास, जो पुढच्या झुरक्याला हुडकला तर सापडत नाही. साथीदार चांगला असला की मुख्य गायक थांबल्यावर तेवढ्याच जागेत तो दोन स्वर ठेवून जातो आणि मैफल संपल्यावर आपल्याला तेच आठवत राहतात. हे पान तसं साथीला बसलेलं आहे. मिश्रण करणाऱ्यानं त्याला जागा सोडली, यात त्याचा कान, म्हणजे नाक, तयार असल्याची खूण पटते.

शेवटचा भाग मात्र उतरता होता. तिथं व्हर्जिनियाची साखर वर येऊन धुराला गोलाई यायला हवी होती. ती आली नाही. चव सपाट झाली, राख ओलसर राहिली, दोनदा पुन्हा पेटवावा लागला. व्हर्जिनिया आणखी थोडं हवं होतं असं माझं मत. तोंडाला आलेला कोरडेपणा घालवायला गुळाचा खडा खाल्ला, आणि एकदम आठवलं की ही उणीव आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. हुक्क्यासाठी तंबाखूत गूळ मळून गुडाखू करायचे तो यासाठीच. कडक पानाला गोडीचा टेकू.

पाइपचं आणि आपलं नातं तसं परकं नाही. हिंदुस्थानातल्या तंबाखूच्या आस्वादाची सर्वांत गाजलेली जुनी हकीकत दख्खनपासूनच सुरू होते. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापुराहून परत जाताना तिथं मिळालेला तंबाखू बरोबर घेऊन गेला. त्यासाठी त्यानं रत्नजडित नळी करवली, तिला येमेनी अकीकाचं मुखाग्र बसवलं आणि सोन्याच्या वाटीसह सगळं बादशहापुढं ठेवलं. हकीम नको म्हणत असताना अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. पुढं १६१७ मध्ये जहांगीरानं तंबाखूवर बंदी घातली. हकिमाचं म्हणणं बरोबर होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तोंडाचे, घशाचे कर्करोग आपल्या घरा-घरांत पाहिलेले आहेत. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड आणि घसा त्यातून सुटत नाहीत. हे वाचून कुणी पाइप हातात धरावा अशी माझी जराही इच्छा नाही. पानाचं बरंचसं वैभव ते न पेटवताच कळतं. मामा आयुष्यभर वखारीत राहिले, पण त्यांनी विडी ओढली नाही की तंबाखू मळला नाही. "नाक बिघडतंय," एवढंच सांगायचे.

आणि वास लिहिताना त्या वखारीतली धूळ गाळून टाकणं मला जमत नाही. पान कुटणं, चाळणं, पाखडणं हे काम बायकांचं. तोंडाला पदर बांधून त्या धुळीत दिवस काढायच्या. मी दारात उभा राहूनच शिंकत असे आणि त्या मला हसत. त्यांच्या संघर्षावर युगांतर या गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला, त्याचं नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. पानाच्या शास्त्रातला शब्द त्या बायकांनी आपल्या संतापाला दिला, इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१च्या मार्चमध्ये, शेतकरी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. निपाणीच्या पानाचा वास घेताना हे आठवलं नाही तर ते नाक अर्धंच.

शेवटी एक प्रयोग केला. निपाणीहून आणून ठेवलेलं एक जुनं, उबेतून गेलेलं पान होतं. ते कागदावर त्या ओरिएंटलच्या काड्यांशेजारी ठेवलं. आपल्या पानाचा वास रुंद आहे. भुईमुगाच्या भाजलेल्या टरफलासारखा, त्याखाली काकवी, त्याखाली गोठ्याची ऊब. त्यात नाजूकपणा नाही, पण खोली आहे, आणि ती टिकते. दुसऱ्या दिवशी कागद हुंगला तर ओरिएंटल उडून गेलं होतं, निपाणी तिथंच होती. विडीच्या मिश्रणात निपाणीचं आणि गुजरातचं पान एकमेकांत घालतात, कुठलं किती हे कारखानदार जपून ठेवतात. म्हणजे ही विद्या आपल्याकडं आहे. फक्त पाइपवाल्यांनी बाल्कनच्या पानावर जेवढं लिहून ठेवलं, तेवढं आपण आपल्या पानावर लिहिलं नाही. विडी गरिबाची, म्हणून तिच्या पानाच्या वासाला रसिक मिळाला नाही, असं मला वाटतं.

भाच्याला सांगितलं ते असं: मिश्रण चांगलं आहे, मधला भाग उत्तम, शेवट कच्चा. डबा परत केला, दोन काड्या तेवढ्या ठेवून घेतल्या.

निपाणीत, जयसिंगपुरात, कागलच्या बाजूला तंबाखूत आयुष्य गेलेली माणसं अजून आहेत. हात घालून चाकीची ऊब सांगणारी, मूठ उघडून पानाची ओल सांगणारी. उसानं आणि सोयाबीननं रान व्यापत चाललं आहे आणि तंबाखूचं पीक कमी झालं तर कुणाच्याच तब्येतीचं वाईट होणार नाही. पण ही माणसं वासाला जे शब्द वापरतात ते कुठल्याच कोशात नाहीत. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि ते शब्द उतरवून घ्या. माझ्या मामांचे मी घेतले नाहीत.