हसणे बोलीत, रडणे प्रमाणात : सोरेस्कू आणि झाडीपट्टीची रंगभूमी

मारिन सोरेस्कू (१९३६–१९९६) हा रुमानियाचा कवी आणि नाटककार. ओल्तेनिया प्रांतातल्या बुल्झेश्त या खेड्यातला. ‘इओना’ (१९६८) या नाटकामुळे त्याचे नाव देशाबाहेर गेले. माशाच्या पोटात अडकलेला एक कोळी स्वतःशीच दोन माणसांसारखा बोलत राहतो, एका माशाचे पोट फाडून सुटतो आणि दुसऱ्या माशाच्या पोटात सापडतो. शेवटी सुरी तो स्वतःच्याच पोटाकडे वळवतो. चाउशेस्कूच्या राजवटीतल्या प्रेक्षकांना या माशाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसणार.

मला मात्र त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. ‘ला लिलियेच’ हे त्याच्या गावच्या स्मशानभूमीचे नाव. याच नावाने १९७३ पासून त्याने कवितांचे खंड काढले. त्यात गावची मेलेली-जिती माणसे ओल्तेनियाच्या बोलीत बोलतात. कुचाळक्या करतात, भांडणे उकरतात, आणि बोलता बोलता मरणाची गोष्ट निघते. बोली तीच राहते, फक्त तिचा सूर खाली येतो. हसू आणि शोक यांसाठी त्याने दोन वेगळ्या भाषा ठेवल्या नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीत नेमके हेच घडत नाही, म्हणून त्याची आठवण काढली. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. कंपन्यांचे मोठे केंद्र वडसा-देसाईगंज. शंकरपट किंवा मंडई असलेल्या गावी मंडळ कंपनीशी करार करते, मंडप पडतो, तिकिटे निघतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. सरकारी अनुदानावाचून इतकी वर्षे टिकलेली अशी रंगभूमी मराठीत क्वचितच दुसरी असेल. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वृत्तपत्रांना या रंगभूमीचा नव्याने शोध लागला. खुणे गाजले ते प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठी, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कारण झाडीबोली या रंगमंचावर येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडून. ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला, ‘पाणी’चे ‘पानी’ झाले की मंडपात हशा पिकतो. हसणाऱ्यांच्या घरातही डोराच म्हणतात! पण नायिकेचे कुंकू पुसले जाते, बाप मुलाला घराबाहेर काढतो, शेतकरी दोर हाती घेतो, तेव्हा संवाद शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत येतात. धानाच्या बांदीत आयुष्य काढलेल्या माणसाचे दुःख त्याच्याच मंडपात परक्या वळणाने बोलते.

याला न्यूनगंड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कारण धंद्याच्या रीतीतही आहे. हंगामात नटसंच जमवावा लागतो, अभिनेत्री अनेकदा नागपूरकडून येतात, तालमीला वेळ मिळत नाही. विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि नट ते उचलतो. बाहेरच्या नटाला ऐनवेळी उचलता येईल अशी भाषा प्रमाण मराठीच. बोलीचा हेल प्रॉम्प्टरला पुरवता येत नाही. स्थानिक विनोदी नटाला तो जन्मजात असतो, म्हणून बोली त्याच्याकडे उरली.

दंडारीत असे नव्हते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांच्या कामातून दिसते ती गावातल्याच पुरुषांनी, गावच्याच बोलीत, स्त्रीपात्रांसकट उभी केलेली कला. तिथे परक्या नटाची सोय पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आज झाडीबोलीत गंभीर लिहिले जाते ते कवितेत, संमेलनांच्या व्यासपीठावर. कवी एकीकडे, नाटककार दुसरीकडे. संमेलनाची कविता शेकड्यांनी ऐकली जाते, नाटक हजारोंनी. ज्या व्यासपीठाला प्रेक्षक कमी, तिथेच बोलीला दुःख बोलायची मुभा आहे.

सोरेस्कूलाही हे पुरते साधले असे नाही. त्याची बोली कवितेत राहिली, ‘इओना’तला कोळी कोणत्याही गावचा असू शकतो. पण कवी आणि नाटककार एकच असल्याने एकाचे कान दुसऱ्याला उपयोगी पडले. इओनाचे स्वतःशी कुरकुरणे, मध्येच विनोद करणे हे पारावरच्या म्हाताऱ्याचे बोलणे आहे.

झाडीबोलीच्या कवीने वडसाच्या एखाद्या कंपनीसाठी तीन अंकी नाटक लिहिले, नायिका झाडीबोलीत रडली, तर पहिल्या प्रवेशाला लोक हसतील. हसूच ते, सवयीचे. दुसऱ्या अंकापर्यंत ते टिकते का, हे पाहायला हवे. त्यासाठी नायिका झाडीतलीच लागेल आणि तालमीला निदान पंधरवडा. भाऊबीजेच्या तोंडावर पंधरवड्याचा खर्च सोसायला कोणता निर्माता तयार होईल, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग.