आततायी कोण? : गीताभाष्ये आणि प्रतिकाराची नीती

धर्मश्रद्धा आणि बलप्रयोग यांच्या संबंधाची मराठीतील चर्चा बहुधा हिंसा की अहिंसा या दोन पर्यायांतच अडकते. टिळक एका बाजूस, गांधी-विनोबा दुसऱ्या बाजूस, ही वाटणी सोयीची आहे. परंतु गीतेवरील त्यांचे लेखन शेजारी ठेवून वाचले असता ती टिकत नाही. दहशतीला बळाने उत्तर द्यावे काय, या प्रश्नाच्या आधी या भाष्यांत आणखी एक प्रश्न उभा असतो : ज्याच्यावर बळ वापरावयाचे तो कोण, आणि ते कोणी ठरवावयाचे? गीतेच्या पहिल्या अध्यायातील ‘आततायी’ ही संज्ञा या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

वसिष्ठधर्मसूत्रात सहा प्रकारचे आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, आणि धन, भूमी व स्त्री यांचे हरण करणारा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चालून येणारा आततायी गुरू वा ब्राह्मण असला तरी त्याचा वध करण्यास अनुज्ञा आहे. ही व्याख्या माणसाच्या कुळावर वा मतावर आधारलेली नाही, त्याच्या कृत्यावर आहे, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. गीतेत मात्र अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो आणि त्यांना मारल्यास पापच लागेल असेही म्हणतो. शंकराचार्यांचे भाष्य दुसऱ्या अध्यायातील उपदेशापासून सुरू होत असल्याने हा पेच त्यांच्यापुढे येत नाही. श्रीधरस्वामी तो याज्ञवल्क्यस्मृतीच्या आधारे सोडवितात : आततायिवधाची अनुज्ञा अर्थशास्त्राची आहे आणि धर्मशास्त्र अर्थशास्त्राहून बलवत्तर आहे. म्हणजे वधाच्या अनुज्ञेवर धर्माचा अंकुश हवा, ही जाणीव गांधींच्या पूर्वी कित्येक शतके टीकापरंपरेत होती.

‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळक मनूच्या वचनाचा आधार घेऊन अहिंसेचे अपवाद मांडतात. ‘सिद्धावस्था व व्यवहार’ या प्रकरणात ते निर्वैर असणे म्हणजे निष्प्रतिकार असणे नव्हे, असे प्रतिपादन करतात. यावरून टिळक बलप्रयोगाचे सरसकट समर्थक ठरविले जातात. तथापि हा ग्रंथ ज्या शिक्षेच्या काळात, मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला, त्या शिक्षेचे निमित्त विसरता येत नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी टाकलेल्या बाँबने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. सरकारने जूनमध्ये स्फोटक पदार्थांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे घाईने केले. ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. या लेखांचा रोख असा की बाँब हे अनर्थकारक खरे, पण ज्या दडपशाहीतून ते निपजले तिचीच मात्रा वाढवून ते थांबणार नाहीत.

दहशतीला राज्यसंस्थेने दिलेल्या उत्तराची ही चिकित्सा ‘गीतारहस्या’तील प्रतिकाराच्या समर्थनाला मर्यादा घालते. प्रतिकार धर्म्य ठरावयाचा तर प्रतिकार करणारा निर्वैर हवा. आणि क्रोधाने पेटलेली सत्ता निर्वैर नसते. मात्र एक गोष्ट टिळकांच्या विवेचनात पुरेशी उमटत नाही. मुझफ्फरपूरला मेलेल्या स्त्रिया स्मृतींच्या कोणत्याही व्याख्येने आततायी नव्हत्या. बाँब माणूस ओळखत नाही, आणि माणूस ओळखल्यावाचून आततायिवधाची अनुज्ञा लागूच होत नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीता प्रवचने’ येथे अनपेक्षित साहाय्य करतात. अहिंसेचे व्रती असूनही विनोबा अर्जुनाला अहिंसावादी ठरवीत नाहीत. त्यांच्या मते अर्जुनाला झालेला मोह स्वजनांविषयीचा आहे. अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, तेव्हा फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे त्याला एकाएकी सुचते, हा त्यांचा दृष्टान्त आहे. त्याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे : परका समोर आला की ज्याला फाशी एकाएकी न्याय्य वाटते, तोही मोहातच आहे. गांधींच्या ‘अनासक्तियोगा’त गीतेतील युद्ध रूपक होऊन जाते आणि फलत्यागाची परिणती अहिंसेत होते, त्यामुळे समोर खरा मारेकरी उभा असता काय करावे, हा प्रश्न तेथे मागे पडतो. जीवनात मात्र त्यांनी तो टाळला नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरला लष्कर पाठविण्यास त्यांनी विरोध केला नाही.

भाष्याचा अंकुश सुटला की काय होते, हे १९४८ ने दाखविले. नथुराम गोडसे याने न्यायालयातील निवेदनात राम, कृष्ण आणि अर्जुन यांचे दाखले देऊन आपले कृत्य कर्तव्य म्हणून मांडले. ज्याचा वध झाला तो निःशस्त्र होता आणि प्रार्थनेला निघाला होता. येथे आततायी ठरविण्याचा निकष कृत्यावरून मतावर सरकला होता. श्रद्धेने मर्यादा घालण्याऐवजी परवाना दिला होता.

यावर आक्षेप येईल की इतक्या मर्यादा पाळून राज्यसंस्थेला दहशतवादाशी लढताच येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईतील हल्ल्याचा अनुभव या आक्षेपाला उत्तर देतो. शस्त्र चालविणाऱ्या हल्लेखोरांवर तत्काळ बळ वापरणे हे सर्वांत कठोर व्याख्येतही बसते. परंतु जिवंत पकडलेला अजमल कसाब पकडला जाताच शस्त्रपाणी राहिला नाही. तेथून पुढे पुराव्याचा अधिकार सुरू झाला. २०१२ मध्ये त्याला फाशी झाली ती सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या सुनावणीनंतर. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. फाशीच्या शिक्षेविषयी मतभेद राहतील. पण संतापाच्या लाटेत जी दोन माणसे सहज आततायी ठरली असती, ती ठरली नाहीत, हे या प्रक्रियेचे नैतिक मोल आहे.

आजच्या मराठीत ‘आततायी’ म्हणजे अविचारी, उतावळा. आक्रमकाला लावलेला शब्द भाषेने हळूहळू विचार न करता हात उगारणाऱ्यावर आणून ठेवला आहे. हा अर्थबदल योगायोगाने घडला असेल. पण भाष्यकारांनी ज्या धोक्याभोवती इतका विचार केला, तो धोका त्यात नेमका नोंदला गेला आहे. आततायी समोर असतो तसा त्याला उत्तर देणाऱ्याच्या आतही संभवतो. श्रद्धेचे काम शस्त्राला आशीर्वाद देण्याचे नसून या दुसऱ्या आततायीला ओळखण्याचे आहे, असा निष्कर्ष या भाष्यांच्या एकत्र वाचनातून काढता येतो.