अकाली आई

आमच्या घरी दिवाळीचा फराळ आणि वादविवाद एकाच ताटात येतात. गेल्या वर्षी चकली मोडता मोडता भाची म्हणाली, "मामा, रीमा लागू म्हणजे सिनेमातली गोड आई. त्यात अभिनय तो काय?" माझ्या तोंडात तेव्हा चकली होती, म्हणून उत्तर राहून गेले. ते आता देतो.

रीमाबाईंचे माहेरचे नाव नयन भडभडे. जन्म १९५८चा. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, तेव्हा नाटक घरातच होते. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, मग बँकेतली नोकरी आणि ती सांभाळून तालमी. आपल्याकडच्या कितीतरी नटनट्यांची ही हकीगत आहे. तिथे रेंगाळत नाही.

रेंगाळायचे ते 'पुरुष'पाशी. लेखन जयवंत दळवींचे, दिग्दर्शन विजया मेहतांचे आणि समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर! असा नट समोर असला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. मी बाल्कनीत बसलो होतो. अंबिका गुलाबरावाच्या अत्याचाराला बळी पडते आणि शेवटी स्वतःच्या हाताने त्याचा न्याय करते. असली भूमिका आरडाओरड्याने सहज वाहून जाते. पण मला आठवतो तो रीमाबाईंचा आवाज. संताप वाढत गेला तसा तो चढण्याऐवजी खाली उतरत गेला, आणि बाल्कनीतली आमची रांग खुर्चीच्या कडेवर आली.

आणि या बाईंना हिंदी चित्रपटाने काय दिले? १९८९च्या 'मैंने प्यार किया'त त्या सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१; चिरंजीव सात वर्षांनी लहान! १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये वय ३६ आणि पदरात रेणुका शहाणे व माधुरी दीक्षित अशा दोन उपवर मुली. तिशीतल्या नटीला एकदम पुढच्या पिढीत ढकलून देण्याची ही रीत मला आजही खटकते. नटाला मात्र पन्नाशीपर्यंत कॉलेजात ठेवतात.

तरी भाचीला एक सांगायचे आहे. निरूपा रॉय यांच्या काळातली पडद्यावरची आई सोशीक, शिवणयंत्रावर वाकलेली. रीमाबाईंची आई हसते, मुलांच्या बेतात सामील होते, घरधन्याला दोन शब्द सुनावते. हा पालट लहान नव्हे. अर्थात पुढे त्यांना नुसते पूजेचे ताट घेऊन उभे केलेले चित्रपटही पुष्कळ निघाले. त्यांतले बरेच मला आठवत नाहीत, आणि हा दोष माझ्या स्मरणशक्तीचा नव्हे. विनोदाची त्यांची जाण दूरदर्शनवरच्या 'तू तू मैं मैं'ने जपली. त्यातल्या सूनबाई सुप्रिया पिळगांवकर. सासू-सुनेच्या वयात अंतर जेमतेम नऊ वर्षांचे, पण भांडण अगदी अस्सल!

मग आला १९९९चा 'वास्तव'. मुलगा रघू म्हणजे संजय दत्त, वयाने 'आई'पेक्षा एकच वर्ष लहान. चाळीतली ही आई मुलाने गुन्ह्यातून मिळवलेल्या वैभवाने सुखावत नाही, आणि अखेरीस वेडापिसा झालेला तोच मुलगा सुटकेची भीक मागतो तेव्हा स्वतःच्या हाताने गोळी झाडते. ते दृश्य पाहताना मला एकदम 'पुरुष' आठवले. तिथे द्वेषाने उचललेला हात इथे मायेने उचलला होता. गोड आईच्या साडीआड अंबिका इतकी वर्षे तशीच उभी होती. फिल्मफेअरच्या नामांकनात त्यांचे नाव चारदा आले, पारितोषिक एकदाही नाही.

१८ मे २०१७ रोजी त्या गेल्या, साठीही गाठली नव्हती. शेवटपर्यंत 'नामकरण' या मालिकेचे चित्रीकरण चालूच होते, आणि त्यात त्या चांगल्या खाष्ट आजी होत्या.

भाचीने 'वास्तव' पाहिलेला नाही. यंदा भाऊबीजेला येणार आहे. चकल्या आधी संपवायच्या आणि मग चित्रपट लावायचा, असे मी ठरवून टाकले आहे.