कॅमेरा सुधारला, मावळ एकसारखा झाला

पावसाळ्यात मावळात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याचे तीन वैरी: अंधार, ओल आणि धुकं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांनी पहिल्याला नमवलं, दुसऱ्याशी तह केला आणि तिसऱ्याला, तो मुळात वैरी नसताना, कापून काढलं.

अंधार पाहायचा तर कार्ल्याच्या चैत्यगृहात. लेण्याचं तोंड पश्चिमेला. दुपार कलल्यावर उजेड आत शिरतो. छताच्या लाकडी फासळ्या तेव्हाही काळोखातच असतात. संरक्षित स्मारक असल्यामुळे परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. आता मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर हाताची थरथर सावरतो आणि आयएसओ ६४०० वर काढलेली दाणेदार रॉ फाइल लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डिनॉइज झटक्यात स्वच्छ करतं. सोय खरीच मोठी. पण मात्रा वाढली की दाण्यांबरोबर दगडाचा पोतही जातो. खांबावरच्या छिन्नीच्या खुणा पुसल्या जातात, कातळ मेणाचा दिसू लागतो. थोडे दाणे राहू द्यावेत.

ओलीच्या बाबतीत जाहिरातींवर विसंबू नये. वेदर सीलिंग शिंतोडे अडवतं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर कॅमेरा भिजवायची ती मुभा नव्हे. गाडीतल्या एसीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं आणि ओली बॅग तशीच कपाटात गेली की लेन्सला बुरशी लागते. लाखाच्या कॅमेऱ्यालाही सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा लागतोच.

खरा घात धुक्याचा झाला. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ पासून डिहेझचा स्लायडर आहे. लायन्स पॉइंटवर ढग दरीतून वर चढतात तेव्हा मागच्या डोंगररांगा एकेक करत फिक्या होत जातात. दरीची खोली कळते ती त्या फिकेपणामुळेच. डिहेझ ओढला की सगळ्या रांगा सारख्याच काळ्या होऊन एकमेकींना चिकटतात. त्यावर विकतचा प्रीसेट चढला की तुंग कोणता आणि तिकोना कोणता, हे फोटोखालची ओळ वाचूनच समजायचं.

राजमाचीच्या काजव्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत तिथून येणाऱ्या लखलखत्या फोटोंपैकी पुष्कळसे स्टॅकिंगचे असतात: एकाच जागी ट्रायपॉड लावून घेतलेल्या अनेक लांब एक्सपोजरची बेरीज. तेवढे काजवे एका क्षणी कोणत्याच डोळ्याला दिसत नाहीत. तंत्रात काही गैर नाही, पण ते लपवणं गैर आहे. फोटोवर भुलून आलेली गर्दी टॉर्च आणि फ्लॅश मारत फिरते आणि नर-मादीचे प्रकाशाचे इशारे त्या झोतांत हरवतात.

या लपवाछपवीवरही यंत्राचा उतारा निघाला आहे. २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी फोटोच्या जन्माचा दाखला फाइलमध्येच नोंदवतो. असा कॅमेरा किती जणांच्या खिशाला परवडेल? फोटोखालच्या प्रामाणिक ओळीला मात्र पैसे पडत नाहीत.

तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वीचा मिररलेस हाताशी असेल तर मावळासाठी नवा घेण्याचं कारण नाही. पैसे ट्रायपॉडवर आणि एसटीच्या तिकिटावर खर्च करा. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मूळ रॉ फाइल मागावी, आणि काजव्यांच्या फोटोखाली किती एक्सपोजरची बेरीज आहे तो आकडा छापावा.