मृदंग डोळ्यांनी शिकता येईल का?

शेगावहून दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी पालखी निघते. तिच्यासोबत टाळ आणि मृदंग असतात. वारकऱ्यांचा हा मृदंग म्हणजेच पखवाज. तो शिकण्याची जागा पुष्कळदा गावातले भजनी मंडळ हीच असते. पण ज्या गावात जाणता वादक नाही, तिथल्या मुलामुलींनी काय करावे? त्यांच्यासाठी आता घरबसल्या शिकण्याचे एक साधन सुचवले जाते. त्याचे नाव ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. ते कितपत उपयोगी आहे, हे आपण तपासून पाहू.

समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र नेमके बसवायचे, ही त्यामागची कल्पना. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी हा शब्द वापरला. विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगाराला सूचना कामावरच दिसाव्यात, हा तेव्हाचा हेतू होता. वाद्यशिक्षणात हीच युक्ती वापरतात. जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली मांडलेल्या रचनेत पियानोच्या पट्ट्यांकडे प्रकाशाचे ठोकळे सरकत येतात. ठोकळा पोचला की ती पट्टी दाबायची.

पियानो किंवा पेटीला हे शोभते, कारण तिथे प्रत्येक स्वराला स्वतःची जागा आहे. पखवाजाचे तसे नाही. त्याच्या उजव्या तोंडावर शाई असते आणि डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. शाईच्या वजनामुळे ते जवळजवळ पूर्ण पटीत येतात. भारतीय तालवाद्यांचे हे वैशिष्ट्य चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडले. आता हे उपस्वर कसे उमटतील, हे हात कुठे पडला एवढ्यावर ठरत नाही. तो किती जोराने पडला आणि लगेच उचलला की टेकून राहिला, यावरही ठरते. खुला बोल आणि बंद बोल यांत हाच फरक आहे. कातड्यावर रंगीत ठिपका दाखवून जागा कळेल, बोल कळणार नाही.

दुसरी अडचण वेळेची. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. चौगुनीत दोन बोलांमध्ये १२५ मिलिसेकंद उरतात. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद जातात, म्हणजे बोलाच्या वेळेचा चौथा हिस्सा. उलट त्याच फोनचा मायक्रोफोन आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने टिपू शकतो. थाप केव्हा पडली हे यंत्राच्या डोळ्यापेक्षा त्याच्या कानाला अधिक अचूक कळते. मग सगळा भर चित्रावर का?

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली हालचाली शिकण्यावरील प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळाली तर सरावात कामगिरी सुधारते, पण सूचना थांबल्यावर ती टिकेलच असे नाही, असे त्यांनी दाखवले. विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगात निम्म्याच प्रयत्नांनंतर सूचना मिळालेले लोक नंतरच्या, सूचनेविना घेतलेल्या चाचणीत सरस ठरले. हे प्रयोग वादनाचे नव्हते, पण इशारा स्पष्ट आहे. सतत दिसणारा ठिपका शिष्याची कुबडी होऊ शकतो. दिंडीत ठिपके नसतात; तिथे टाळकऱ्यांचे ऐकूनच लय सांभाळावी लागते.

म्हणून हे साधन टाकाऊ आहे का? नाही. बैठक, हातांची ठेवण, मात्रांची मोजणी यांची पहिली ओळख ते करून देईल. जिथे गुरू नाही तिथे ही मदत थोडी नव्हे. मात्र ठिपके हळूहळू कमी व्हावेत, कार्यक्रमाने बोल ऐकून चूक सांगावी, आणि अधूनमधून जाणत्या वादकाने शिष्याचे वादन ऐकावे.

शिक्षकांना हे वर्गातही पडताळता येईल. बाकावर वाजवायचा आठ मात्रांचा एक ठेका दोन गटांना शिकवा. एका गटाला प्रत्येक आवर्तनात हाताने खूण दाखवा. दुसऱ्याला एकाआड एक आवर्तनात, बाकीची डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी खुणा न देता दोघांचे वादन ध्वनिमुद्रित करा आणि गट माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. एका वर्गावरून सिद्धांत ठरत नाही. पण कोणतेही शिकवण्याचे यंत्र विकत घेण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा, हे विद्यार्थ्यांना नक्की कळेल: यंत्र बंद केल्यावर काय उरते?