मारबत आणि मध्यरात्रीची मिरवणूक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतून काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. मागे बडगे नावाचे पुतळे असतात: महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याने लोकांना छळले त्याचे. शहराची इडापिडा अशी भरदिवसा, वाजतगाजत नेऊन जाळायची.

गजानन माधव मुक्तिबोधांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ हिंदी कवितेतही एक मिरवणूक आहे. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले नवकवी. गजानन माधव मात्र हिंदीत लिहिते झाले. १९४८ ते १९५८ ते नागपुरात होते. एम्प्रेस मिलच्या कामगारांवरचा गोळीबार या कवितेमागे आहे, असे अभ्यासक सांगत आले आहेत.

कवितेतली मिरवणूक मध्यरात्री निघते. बँड, घोडदळ, संगिनी. आणि त्यांच्यामागून शहरातले प्रतिष्ठित चालत येतात: समीक्षक, कवी, मंत्री, उद्योगपती आणि त्यांच्याच रांगेत कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद! हे नाव वाचताच नागपूरकराच्या अंगावर काटा येतो, इतके ते इथल्या मातीतले आहे. मारबतीत पाप कागद-बांबूचे असते, ते जाळता येते. इथे ते ओळखीच्या माणसांच्या अंगात शिरून चालते, आणि पाहणाराच गुन्हेगार ठरतो. त्याने त्यांना उघडे पाहिले म्हणून त्याच्यामागे बंदुका लागतात. दिवसा जे नाते झाकलेले असते ते दाखवायला कवीला ही अद्‌भुत रात्र लागली. वास्तववादी वर्णनाला हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

पुढे टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहते. गांधींसारखी एक आकृती निवेदकाच्या हाती मूल सोपवते. खांद्यावरच्या त्या मुलाची सूर्यफुले होतात आणि फुलांची बंदूक. या रूपांतरापाशी मी दर वेळी थांबतो. काफ्काच्या कथेतला साम्सा कीटक का झाला, हे काफ्का सांगत नाही. मुक्तिबोधांच्या प्रत्येक अद्‌भुतामागे मात्र इतिहास उभा असतो: वारसा म्हणून मिळालेले कोवळे ओझे जबाबदारी होते, मग लढा. ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनीच म्हटले आहे की, अनुभव आपल्या वेदनेच्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे फँटसी म्हणून उभा राहतो, तो कलेचा दुसरा क्षण. तिसऱ्यात तो शब्द होतो.

मराठी वाचकाने ही कविता अनुवादाची वाट न पाहता मूळ हिंदीतच, एका बैठकीत, मोठ्याने वाचावी. मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी गेले. ती छापून आली त्यानंतर.